नोडचा क्रम आणि केसांच्या कडा

चित्रपटातील नटामागचा हिरवा पडदा संगणक एका कळीसरशी नाहीसा करतो आणि तिथे हवे ते आकाश बसवतो, हा समज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या जाहिराती येण्याआधीपासूनच घट्ट रुजलेला आहे. प्रत्यक्षात न्यूक, फ्यूजन किंवा ब्लेंडरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये हे काम नोडच्या, म्हणजे एकेक छोटे काम करणाऱ्या चौकटींच्या, जाळ्यातून होते. एक नोड फाइल वाचतो, दुसरा हिरवा रंग ओळखून पारदर्शकता ठरवतो, तिसरा रंग सुधारतो, चौथा दोन चित्रे एकत्र करतो. आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांवरून चित्र पुढेच सरकते.

माझ्या मते यातला सर्वांत देखणा भाग म्हणजे चित्रे जोडणारा ‘मर्ज’ नोड. त्यामागचे गणित थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ साली मांडले. प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरव्या व निळ्या मूल्यांबरोबर अल्फा हे चौथे मूल्य असते, आणि पुढच्या वस्तूने त्या पिक्सेलचा किती भाग झाकला आहे हे ते ० ते १ या मापात सांगते. समजा, केसांची एक बट पिक्सेलचा ४० टक्के भाग व्यापते, तिची उजळता ०.५ आहे आणि मागच्या आकाशाची ०.८. केसांचा वाटा ०.५ × ०.४ म्हणजे ०.२, आकाशाचा ०.८ × ०.६ म्हणजे ०.४८, बेरीज ०.६८. पोर्टर आणि डफ यांचा आग्रह असा, की पहिला गुणाकार आधीच उरकून ०.२ हीच किंमत साठवावी. मर्ज नोडही तेच गृहीत धरतो.

आता नटाची उजळता ०.१ ने वाढवायची आहे. योग्य उत्तर (०.६ × ०.४) + ०.४८, म्हणजे ०.७२. पण रंगाचा नोड गुणाकारानंतर जोडला, तर ०.२ चे ०.३ होतात, उत्तर ०.७८ येते आणि केसांभोवती फिकट कड उमटते. शिवाय जिथे नट नाहीच आणि अल्फा शून्य आहे, तिथेही ०.१ ची भर पडून आकाश ०.९ होते. म्हणून रंगाच्या नोडआधी अल्फाने भागणारा ‘अनप्रीमल्ट’ आणि नंतर पुन्हा गुणणारा ‘प्रीमल्ट’ नोड लावतात. उजळता नुसत्या गुणाकाराने वाढवली तर क्रमाने काही बिघडत नाही. बेरीज किंवा गॅमा (मधल्या छटा उजळ वा गडद करणारा घातांक) आला की बिघडते.

कृत्रिम बुद्धिमत्तेची नवी साधने केसांचा अल्फा पूर्वीपेक्षा चांगला ओळखतात, हे मान्यच करायला हवे. मात्र तो हाती आल्यावर चित्र जोडायला हेच जुने सूत्र लागते, आणि त्याबद्दल जाहिराती मौन पाळतात.

चूक कुठे झाली हे शोधणे मात्र नोडमुळे सोपे होते. ‘व्ह्यूअर’, म्हणजे जोडलेल्या नोडपर्यंतचे चित्र दाखवणारा नोड, एकेका नोडला जोडत मागे जायचे. नटाबाहेरचा काळा भाग ज्या नोडपाशी पहिल्यांदा करडा झालेला दिसतो, त्याच्या आधी भागाकार राहून गेलेला असतो.