लाइन गेली तर लिफ्ट पडते का? ब्रेकबद्दल थोडं

वर्धा-यवतमाळकडच्या तालुक्याच्या गावांत नवी लिफ्ट बसवली की पहिला प्रश्न हाच येतो. नाही, पडत नाही.

मशीन रूममध्ये मोटर आणि गिअरबॉक्सच्या मध्ये एक लोखंडी ड्रम असतो. दोन्ही बाजूंनी ब्रेक शू, म्हणजे ब्रेकच्या पकडी, त्याला आवळून धरतात, आणि ही आवळ असते स्प्रिंगची. वीज लागते ती ब्रेक सोडायला. बटण दाबलं की कॉइल, म्हणजे विजेवर चालणारं चुंबक, शूंना केसभर बाजूला ओढते, ‘टक’ आवाज होतो, लिफ्ट निघते. लाइन गेली की कॉइल सुटते आणि स्प्रिंग लगेच ड्रम पकडते.

त्यामुळे लाइन जाण्याची भीती नको. काळजी घ्या ती कमी व्होल्टेजची. रब्बीत शेतीपंप एकदम सुरू झाले की दाब उतरतो, मग कॉइल शू पूर्ण ओढत नाही. शू ड्रमला घासत राहतात आणि लाइनर, म्हणजे शूवरचा घासणारा थर, जळतो. मे महिन्यात पत्र्याखालची मशीन रूम तापली की कॉइलची ओढ आणखी कमी होते. जळका वास आला तर लिफ्ट बंद ठेवा, आम्हाला फोन करा.

एका दवाखान्यात लिफ्ट मजल्याच्या चार बोटं खाली थांबायची. स्ट्रेचरचं चाक काठाला अडायचं, वॉर्डबॉय उचलून घ्यायचे. दोन महिने असंच चाललं. आम्ही गेलो तर ड्रम तेलानं चकाकत होता, गिअरबॉक्सचं सील गळत होतं. तेल प्यालेला लाइनर पुसून भागत नाही, बदलावाच लागतो. तो फोन पहिल्याच दिवशी यायला हवा होता. पेशंट आत असताना चार बोटंही फार असतात.

जुन्या दोन स्पीडच्या मशीनमध्ये थांबवण्याचं कामही ब्रेकच करतो, म्हणून झीज अशी लवकर दिसते. ड्राइव्हच्या, म्हणजे मोटरचा वेग इलेक्ट्रॉनिक यंत्रणेनं कमी-जास्त होणाऱ्या लिफ्टमध्ये मोटरच गती शून्यावर आणते, ब्रेक फक्त धरून ठेवतो. तिथे झीज बाहेरून कळत नाही, शू उघडूनच पाहावे लागतात.

रिकामी केबिन आपोआप वर सरकली तरी ब्रेकच तपासायचा. काउंटरवेट, म्हणजे दोराच्या दुसऱ्या टोकाचं वजन, हे केबिनचं वजन अधिक तिच्या पूर्ण भाराच्या साधारण 40 ते 50 टक्के एवढं असतं, त्यामुळे रिकामी केबिन हलकी पडते. म्हणूनच माणसं अडकली तरी गावातल्या वायरमनला ब्रेक सोडायचा दांडा दाबू देऊ नका. आतल्यांशी बोलत राहा, दार ओढू नका. मशीन रूमची किल्ली एकाच जबाबदार माणसाकडे ठेवा.