भुकेमुळे उद्भवणारी अर्धशिशी आणि तिचा प्रतिबंध

अर्धशिशीची (मायग्रेनची) प्रवृत्ती असलेल्या व्यक्तीला जेवणाची वेळ टळल्याने, उपास केल्याने किंवा दोन खाण्यांत फार अंतर पडल्याने झटका येऊ शकतो. अर्धशिशीच्या ज्ञात कारणांमध्ये भुकेचा क्रमांक बराच वर आहे. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 1,207 रुग्णांच्या एका पाहणीत 57.3 टक्के रुग्णांनी ‘न खाणे’ हे कारण सांगितले. त्याहून अधिक जणांनी फक्त मानसिक ताण आणि स्त्रियांमधील संप्रेरकांचे चढउतार यांचा उल्लेख केला होता. तरीही रुग्णाला सल्ला देताना काय खाऊ नये याची लांबलचक यादी हाती दिली जाते आणि केव्हा खावे हे मात्र ओझरते सांगितले जाते. बहुतेक रुग्णांच्या बाबतीत हा क्रम उलटा असायला हवा.

दोन वेगळ्या डोकेदुखी : डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात (तिसरी आवृत्ती, 2018) उपासामुळे होणारी डोकेदुखी स्वतंत्र नोंदवली आहे. किमान 8 तास पोटात काही नसताना ती सुरू होते, सगळे डोके जड होऊन दुखते, ठणका नसतो आणि खाल्ल्यावर ती ओसरते. अर्धशिशीच्या रुग्णाला मात्र त्याच उपासाने खरा झटका येऊ शकतो : बहुधा एका बाजूला ठणका, मळमळ किंवा उलटी, उजेड व आवाज सहन न होणे, जिना चढताना दुखणे वाढणे. उपचार न केल्यास हा झटका 4 ते 72 तास टिकतो. एकदा तो सुरू झाला की ताटभर जेवूनही थांबत नाही. उलटी होते म्हणून अनेक जण ‘पित्त झाले’ असे समजून वर्षानुवर्षे पोटाचीच औषधे घेत राहतात आणि मूळ दुखणे तसेच राहते.

कारणमीमांसा : रक्तातील साखर उतरते आणि म्हणून डोके दुखते, हे स्पष्टीकरण सोपे आहे, पण अपुरे आहे. 1966 मध्ये रुग्णांना 19 तास उपाशी ठेवून झटका आणता येतो असे दाखवण्यात आले. पुढे 1971 मध्ये इन्सुलिन देऊन रुग्णांची साखर मुद्दाम खाली आणली गेली, तेव्हा मात्र बहुतेकांना झटका आला नाही. साखर सामान्य पातळीत असतानाही उपाशी माणसाचे डोके दुखते, हेही दिसून आले आहे. आज लक्ष मेंदूतील अधश्चेतकाकडे, म्हणजे हायपोथॅलॅमसकडे वळले आहे. भूक, झोप, तहान यांचे नियमन करणारा हा भाग वेदना सुरू होण्याच्या कित्येक तास आधीपासून सक्रिय झालेला मेंदूच्या चित्रणात दिसतो. मेंदूतील पेशींजवळ ग्लायकोजेनचा, म्हणजे राखीव साखरेचा, साठा मुळातच थोडा असतो. तो घटल्याने मेंदू अधिक उत्तेजनक्षम होत असावा, असाही एक विचार आहे.

उपासाच्या दिवशी भूक एकटी नसते. पाणी कमी जाते, झोपेची वेळ बदलते आणि चहा-कॉफी बंद होते. दोन आठवड्यांहून अधिक काळ रोज 200 मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफीन घेणाऱ्याने ते अचानक सोडले, तर 24 तासांच्या आत डोके दुखू शकते. या सगळ्या गोष्टी एकत्र आल्या की एरवी भुकेने न येणारा झटकाही येतो. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 32 रुग्णांच्या अभ्यासात रमजानच्या महिन्यात अर्धशिशीचे दिवस सरासरी 9.4 होते, तर तुलनेच्या महिन्यात ते 3.7 होते.

भूक हे कारण की पूर्वलक्षण : झटक्याच्या आदल्या दिवसापासूनच काहींना पूर्वलक्षणे जाणवतात : वारंवार जांभया, मान आखडणे, चिडचिड, गोड खाण्याची अनावर इच्छा. अशा वेळी लागलेली भूक ही झटक्याची सुरुवातच असते. मग गोड खाल्ल्यावर डोके दुखले की दोष गोडावर येतो. हा गुंता सोडवायला डोकेदुखीची रोजनिशी लागते, आणि तिच्यात पदार्थांपेक्षा वेळा लिहिणे अधिक उपयोगाचे. समजा, एका दिवसाची नोंद अशी आहे : सकाळी 7 वाजता फक्त चहा, 11 वाजता जांभया, जेवण लांबत 3 वाजता, आणि 4 वाजता डाव्या डोळ्यामागे ठणका. असे दिवस पुन्हा पुन्हा सापडले, तर सकाळच्या खाण्यापासून सुरुवात करावी. सकाळी नियमित खाऊनही झटके तसेच येत राहिले, तर भुकेला निष्कारण धरून बसू नये.

रोजचा प्रतिबंध : उठल्यापासून तासाभरात काहीतरी खाणे, जागेपणी दोन खाण्यांत चार-पाच तासांहून अधिक अंतर न ठेवणे आणि सुट्टीच्या दिवशीही याच वेळा पाळणे, एवढे बऱ्याच जणांना पुरते. सुट्टीच्या सकाळी उशिरा उठणाऱ्याचा रात्रीचा उपास आपोआप लांबतो आणि कॅफीनही उशिरा मिळते. सुट्टीच्या दिवशीच डोके धरण्यामागे हे एक कारण असते. नुसत्या गोड पदार्थावर भूक भागवू नये. प्रथिने, थोडी स्निग्धता आणि कोंडायुक्त धान्य असलेले खाणे अधिक वेळ पुरते. पहाटे डोके दुखूनच जाग येणाऱ्यांनी झोपण्यापूर्वी थोडे खाऊन पाहावे. 2014 मधील एका लहान अभ्यासात रात्री उशिरा थोडे खाणाऱ्यांमध्ये, काहीच न खाल्लेल्या वेळेच्या तुलनेत, डोकेदुखीची शक्यता सुमारे 40 टक्के कमी आढळली. अभ्यास लहान असला तरी प्रयोग निरुपद्रवी आहे आणि करून पाहण्याजोगा आहे. मुलांच्या बाबतीत न खाता शाळेत जाणे आणि डबा तसाच परत येणे याकडे पालकांनी आधी पाहावे.

ठरवून केलेला उपास : उपास करायचाच असेल तर तयारी त्या सकाळी नव्हे, आठवडा-दोन आठवडे आधी सुरू होते. चहा-कॉफी रोज थोडी थोडी कमी करत जावी, म्हणजे उपासाच्या दिवशी मेंदूला एकाच वेळी दोन धक्के बसत नाहीत. आदल्या दोन दिवसांत झोप पूर्ण करावी, पाणी भरपूर प्यावे. निर्जळी उपास नसेल तर पाणी चालू ठेवावे. उन्हातली कामे आणि दमवणारा व्यायाम त्या दिवशी टाळावा.

औषधे आधी घेऊन झटका टाळता येतो का, याचाही अभ्यास झाला आहे. योम किप्पूर या ज्यू धर्मीयांच्या सणाच्या सुमारे 25 तासांच्या उपासापूर्वी एटोरिकॉक्सिब हे दीर्घकाळ टिकणारे वेदनाशामक दिलेल्यांमध्ये डोकेदुखी कमी आढळली. रमजानमधील चाचणीतही सुरुवातीच्या दिवसांत फायदा दिसला. त्याआधी याच कामासाठी अभ्यासलेले, त्याच गटातील रोफेकॉक्सिब हृदयावरील दुष्परिणामांमुळे 2004 मध्ये बाजारातून मागे घ्यावे लागले. यावरून सावधगिरीचे महत्त्व कळावे. हृदयविकार, रक्तदाब, मूत्रपिंडाचे विकार किंवा पोटात व्रण असणाऱ्याने अशी औषधे स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. पाणी तुटलेल्या शरीरात मूत्रपिंडांना त्यांचा धोका वाढतो. साधी वेदनाशामके महिन्यात 15 दिवस किंवा अर्धशिशीचा झटका थांबवणारी ट्रिप्टान गटातील औषधे 10 दिवस नियमितपणे घेतली जाऊ लागली, की त्यांच्यामुळेच डोके दुखू लागते.

महिन्यातून अनेकदा झटके येणाऱ्यांना डॉक्टर रोजचे प्रतिबंधक औषध देतात. उपासामुळे त्याचा डोस चुकवू नये, वेळ बदलता येईल का ते आधी विचारावे. अशा औषधांपैकी टोपिरामेट घेणाऱ्यांना मूतखड्याचा धोका असल्याने पाणी तोडणे घातक ठरू शकते. प्रोप्रानोलॉल हे दुसरे प्रतिबंधक औषध साखर उतरल्यावर होणारी छातीची धडधड झाकते, म्हणून इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेहींनी विशेष जपावे. अशा मधुमेहींनी आणि गर्भवतींनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय लांब उपास करू नये. झटका आलाच तर औषध पहिल्या तासात घ्यावे. अर्धशिशीत जठराची हालचाल मंदावते आणि उशिरा घेतलेली गोळी पोटातच पडून राहते. त्या वेळी उपास पुढे चालू ठेवण्याचा हट्ट धरू नये.

शस्त्रक्रियेपूर्वीचा उपास : हा उपास रुग्ण टाळू शकत नाही, पण तो गरजेपेक्षा लांबवला जातो. भूलशास्त्राच्या प्रचलित नियमांनुसार निरोगी प्रौढाने हलके खाणे 6 तास आधी थांबवायचे असते. पाणी आणि बिनदुधाचा चहा किंवा कॉफी मात्र 2 तास आधीपर्यंत चालते. ज्यांचे पोट उशिरा रिकामे होते त्यांना हे नियम जसेच्या तसे लागू होत नाहीत. ‘मध्यरात्रीनंतर काहीही नाही’ या सरसकट सूचनेमुळे अर्धशिशीचा रुग्ण दुपारच्या शस्त्रक्रियेपर्यंत अर्धा दिवस कोरडा राहतो. म्हणून आपल्याला अर्धशिशी आहे, रोज किती कॅफीन लागते आणि कोणती औषधे चालू आहेत हे भूलतज्ज्ञाला आधीच सांगावे. शक्य असल्यास सकाळची पहिली वेळ मागावी.