चर्चच्या रंगीत खिडक्या आणि जुनी काच परत बनवायचा खटाटोप

मध्ययुगातल्या चर्चसारखी रंगीत खिडकी आज नव्याने करायची म्हटली तर चित्र ही त्यातली सोपी बाजू. संतांचे लांबुळके चेहरे, अंगरख्यांच्या ताठ चुण्या, निळ्यावर लाल चौकटी, हे सगळं बघून बघून काढता येतं, हात चांगला असला की झालं. घोडं अडतं ते काचेपाशी. आणि गंमत म्हणजे हे लोकांच्या लक्षात यायलाच एकोणिसावं शतक अर्धं सरलं. स्टेन्ड ग्लासबद्दल जे लिहिलं जातं त्यात बहुतेक वेळा "काय ते रंग, काय तो प्रकाश" याच्यापुढे गाडी जात नाही, म्हणून जरा मागे जाऊन सांगतो.

मुळात हे काम कसं व्हायचं ते आपल्याला कळतं थिओफिलस नावाच्या एका मठवासी कारागिरामुळे. याने साधारण ११२० च्या सुमाराला लॅटिनमधे कारागिरीवर एक पोथी लिहिली आणि त्यात काचकामाला वेगळा भाग दिला. बीच झाडाच्या लाकडाची राख दोन भाग, स्वच्छ वाळू एक भाग, मातीच्या मुशीत घालून भट्टीत. फुंकणीने फुगा काढायचा, त्याचं लांब नळकांडं करायचं, उभं चिरायचं, परत तापवून सपाट उलगडायचं, झाला तक्ता. मग खडू फासलेल्या लाकडी फळीवर खिडकीचं चित्र मापात काढायचं, त्यावर काच ठेवून आकार उतरवायचा आणि कापायचं तापवलेल्या लोखंडाने. हिऱ्याचं कटर वगैरे नंतरचं. लोखंडाचं टोक टेकवलं की बारीक तडा जातो आणि लोखंड फिरवाल तसा मागेमागे येतो, काच हट्टी निघाली तर ओल्या बोटाने थुंकी लावायची, मग तडकतेच. चेहऱ्याच्या रेघांचा रंग म्हणजे जाळलेल्या तांब्याची पूड, हिरवी काच आणि निळी काच, तिन्ही समभाग, दगडावर वाइनमधे किंवा लघवीत घोटून. हो, लघवीतच लिहिलंय. तो भट्टीत भाजून पक्का करायचा, तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवायचे, सांध्यांना डाख द्यायचा.

यात महत्त्वाचं काय, तर चेहऱ्याच्या, चुण्यांच्या काळ्या-तपकिरी रेघा आणि छटा सोडल्या तर रंग काचेच्या अंगातच असायचा. निळ्यासाठी कोबाल्ट, लालसाठी तांबं. वरून रंगवून पिवळा करायची चांदीची युक्ती आली १३०० च्या आसपास. आणि लाल रंग सगळ्यात त्रासदायक, कारण तांब्याची लाल काच सगळ्या जाडीभर एकसारखी केली तर ती काळीच दिसते, प्रकाश आत येत नाही. बाराव्या-तेराव्या शतकातली लाल काच आडवी कापून भिंगाखाली धरली तर आत लाल आणि जवळपास बिनरंगी काचेचे कितीतरी पातळ थर दिसतात, खारी बिस्किटाच्या पापुद्र्यांसारखे. नंतरच्या काळात साध्या काचेवर लालचा एकच पातळ थर चढवायची रीत पडली, ती सोपी होती, पण तिची चमक वेगळी. हे थर पुढे एका अमेरिकन माणसाला वेड लावणार आहेत, त्याच्याकडे येतोच.

फ्रान्समधल्या शार्त्रचं कॅथेड्रल ११९४ च्या आगीनंतर परत उभं राहिलं, त्याच्या बहुतेक खिडक्या पुढच्या चाळीसेक वर्षांतल्या. पॅरिसचं सेंट-शापेल १२४८ चं, तिथे पंधरा उंच खिडक्यांत हजाराच्या वर प्रसंग आहेत. नक्कल करणारे सगळे फिरून फिरून याच दोन ठिकाणी जातात.

मग ही विद्या गेली कुठे? इंग्लंडात धर्मसुधारणेनंतर मूर्ती आणि चित्रं म्हणजे पाप ठरलं, चर्चना नव्या खिडक्या कोण सांगणार, आणि यादवी युद्धात तर १६४३-४४ मधे विल्यम डाउझिंग नावाचा गृहस्थ अधिकारपत्र घेऊन केंब्रिजशायर आणि सफोकमधली चर्चं पालथी घालत फिरला, कुठे किती चित्रं फोडली याची रोजनिशीसुद्धा ठेवली त्याने. तिकडे लोरेनमधे, जिथून रंगीत काच यायची, तिथल्या भट्ट्या १६३० च्या दशकातल्या लढायांत उद्ध्वस्त झाल्या. रंगीत काचच मिळेना म्हटल्यावर कारागीर साध्या पांढऱ्या काचेवर एनॅमलचे (काचेच्या पुडीचे, भाजून पक्के होणारे) रंग लावून चित्र काढायला लागले, तैलचित्र काढावं तसं. याचा कळस म्हणजे ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजची खिडकी. डिझाइन जोशुआ रेनॉल्ड्सचं, काचेवर काम थॉमस जार्व्हिसचं, १७७८ ते १७८५ च्या दरम्यान. एवढा मोठा चित्रकार, पण खिडकी मळकट आणि मलूल, होरेस वॉलपोलने तिची खिल्ली उडवली. माझ्या मते त्यात रेनॉल्ड्सपेक्षा एनॅमलचा दोष जास्त.

नंतर १८२० च्या दशकात विंचेस्टर कॉलेजचं प्रकरण झालं. तिथल्या चॅपलमधली चौदाव्या शतकाच्या शेवटची काच दुरुस्तीसाठी श्रूजबरीच्या बेटन अँड इव्हान्स यांच्याकडे गेली. परत आली ती नक्कल! रेघन् रेघ उतरवलेली, पण नवी काच. मूळ तुकडे इकडे तिकडे पांगले, काही लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमला पोचले आणि काही विसाव्या शतकात कॉलेजला परत मिळाले. आज ऐकून अंगावर काटा येतो, पण त्या काळी जुनी, खरवडलेली काच काढून तिथे चकचकीत नवी बसवणं म्हणजे सुधारणाच वाटायची लोकांना.

याच सुमाराला गॉथिकचं, म्हणजे टोकदार कमानींच्या मध्ययुगीन शैलीचं, वारं सुटलं. प्युजिनसारखे आर्किटेक्ट जुन्या पद्धतीची चर्चं बांधायला लागले, बर्मिंगहॅमला हार्डमन, न्यूकॅसलला विल्यम वेल्स असे मोठे कारखाने चालू झाले, खिडक्या जहाजातून जगभर जायला लागल्या. आपल्या मुंबईतसुद्धा आल्या. कुलाब्याचं अफगाण चर्च, म्हणजे पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ बांधलेलं, १८५८ मधे खुलं झालं, त्याच्या पूर्व-पश्चिमेच्या मोठ्या खिडक्या याच वेल्सच्या. नेव्हीनगरच्या बाजूला गेलात तर आत जाऊन बघाच.

या पहिल्या लाटेतल्या बऱ्याच खिडक्यांची अडचण एकच होती. डिझाइन गॉथिक, शिसं बरोबर, पण काच कारखान्यातली, एकसारख्या जाडीची, आरपार स्वच्छ. ऊन थेट आत घुसतं, बाहेरची झाडं दिसतात, रंग पातळ किंवा भडक वाटतो. हे नेमकं पकडलं ते चार्ल्स विन्स्टन याने, आणि तो कारागीर नव्हता, व्यवसायाने बॅरिस्टर होता, सुट्टीत चर्चं फिरून खिडक्यांची चित्रं काढायचा. १८४७ मधे त्याने जुन्या इंग्लिश काचचित्रांवर मोठं पुस्तक काढलं. त्याच वर्षी थिओफिलसच्या पोथीचं इंग्रजी भाषांतरही आलं, म्हणजे एकाच वर्षात कृती पण हातात आणि नेमकं चुकतंय कुठे ते सांगणारा पण हजर. विन्स्टन तिथे थांबला नाही, जुन्या काचेचे तुकडे मेडलॉक नावाच्या रसायनतज्ज्ञाकडून तपासून घेतले आणि त्या आधारावर लंडनच्या व्हाइटफ्रायर्स भट्टीत जेम्स पॉवेल अँड सन्स यांच्याकडून नवी काच बनवून घेतली, जुन्यासारखी दाट, किंचित गढूळ. तिला बाजारात "अँटिक" नाव पडलं आणि ते आजतागायत चिकटलंय, काल फुंकलेली काच असली तरी अँटिकच!

पण हाच विन्स्टन चित्राच्या बाबतीत मध्ययुगाचा आंधळा भक्त मुळीच नव्हता, चांगली चित्रकला काचेवर यावी असं त्याचं मत. ग्लासगो कॅथेड्रलने १८५९ पासून म्युनिकच्या शाही काचचित्रशाळेकडून तशा चित्रमय खिडक्या करून घेतल्या. त्या टिकल्या नाहीत, रंग उडाला आणि पुढे उतरवाव्या लागल्या.

१८८९ मधे एडवर्ड प्रायर या आर्किटेक्टने अजून एक पायरी चढली. चौकोनी साच्यात बाटली फुंकायची आणि तिच्या बाजू कापून तक्ते करायचे. प्रत्येक तुकडा मधे जाड, कडेला पातळ, म्हणजे एकाच तुकड्यात रंग गडद ते फिकट असा सरकतो. ख्रिस्तोफर व्हॉलने हीच काच भरपूर वापरली, ग्लॉस्टर कॅथेड्रलच्या लेडी चॅपलमधे बघायला मिळते.

आता अमेरिका. तिथे त्या वेळी लुई टिफनी आणि जॉन ला फार्ज यांच्या दुधाळ काचेची चलती होती, काचेतच ढग, पाकळ्या, डोंगर. याच्या विरोधात बोस्टनचा चार्ल्स कॉनिक उभा राहिला. त्याने शार्त्र बघितलं आणि ठरवलं की खिडकीतून प्रकाश आत आला पाहिजे, दुधाळ काचेत तो अडकतो. न्यूयॉर्कच्या सेंट जॉन द डिव्हाइनची मोठी गुलाब-खिडकी (फुलाच्या पाकळ्यांसारखी मांडलेली गोल खिडकी) त्याच्याच स्टुडिओची.

पण कॉनिकपेक्षाही वेडा निघाला रेमंड पिटकेर्न. याचे वडील जॉन पिटकेर्न म्हणजे पिट्सबर्ग प्लेट ग्लास कंपनीच्या संस्थापकांपैकी एक. सपाट, स्वच्छ, बिनडाग काच विकून घरात अफाट पैसा आला आणि पोराने तो घातला मुद्दाम ओबडधोबड, बुडबुड्यांची, रेघांची काच बनवण्यात. शिक्षणाने हाही वकील, विन्स्टनसारखाच, योगायोग असेल. फिलाडेल्फियाजवळ ब्रिन अथिन इथे त्यांच्या स्वीडनबॉर्गपंथी (स्वीडनच्या धर्मचिंतक स्वीडनबॉर्गची शिकवण मानणाऱ्या) चर्चचं कॅथेड्रल चालू होतं, १९१४ ला कोनशिला, १९१९ ला अर्पण. आर्किटेक्ट राल्फ ॲडम्स क्रॅम मधेच बाजूला झाला आणि पिटकेर्नने सूत्रं स्वतःकडे घेतली. बाजारातली काच त्याला पसंत पडेना, म्हणून १९२० च्या दशकात तिथेच स्वतःची भट्टी घातली. फुंकणीवर जॉन लार्सन, आणि समोर नमुना म्हणून खरे मध्ययुगीन तुकडे, कारण पिटकेर्न लिलावांत जुनी काच विकत घेत सुटला होता, अगदी पॅरिसजवळच्या सेंट-डेनी चर्चच्या बाराव्या शतकातल्या काचेपर्यंत. ते सगळं आज तिथल्या ग्लेनकेर्न म्युझियममधे आहे. विकत घेतलेला तुकडा भिंतीवर टांगायचा आणि भट्टीतून आलेला नवा तुकडा त्याच्या शेजारी धरायचा, जुळला नाही की परत. ती पापुद्र्यांची लाल काच जमवायला त्यांना वर्षं लागली, पण जमली. एका चर्चसाठी एवढा खर्च बाकी कुणाला परवडणार नाही ही गोष्ट वेगळी.

तिथेच काम केलेला लॉरेन्स सेंट १९२८ मधे वॉशिंग्टन नॅशनल कॅथेड्रलच्या कामाला गेला आणि त्यानेही ब्रिन अथिनजवळच हंटिंग्डन व्हॅलीला स्वतःची काच बनवायला घेतली. वॉशिंग्टनच्या कॅथेड्रलमधली उत्तर बाजूची गुलाब-खिडकी त्याची. त्याच कॅथेड्रलमधे १९७४ ला बसवलेल्या एका आधुनिक खिडकीत चंद्रावरचा दगड आहे, तेव्हा मध्ययुगाची नक्कल हा तिथेही एकमेव रस्ता राहिला नाही.

एक वाद मात्र अजून मिटलेला नाही. जुन्या खिडक्यांवर शतकांची धूळ, काजळी आणि गंज आहे. लाकडाच्या राखेतल्या पोटॅशमुळे ती काच पाऊसपाण्याने बाहेरून खड्डे पडून खराब होते आणि त्या खड्ड्यांत प्रकाश विखुरतो. नक्कल करणाऱ्यांनी नव्या काचेवर मागून पातळ मळकट रंगाचा हात मारून हाही परिणाम आणला. पण तेराव्या शतकात ती खिडकी तशी होती का? नव्हती, तेव्हा ती नवी कोरी होती. शार्त्रमधे गेल्या काही वर्षांत भिंती उजळल्या, काच साफ केली तर काही लोक भडकले, गूढपणा गेला म्हणाले. मला साफसफाईवाल्यांचं म्हणणं पटतं, काजळी ही कुणा कारागिराने केलेली नव्हती.

आता फुंकून काढलेली काच करणारे मोजकेच उरलेत: जर्मनीत वाल्डसासेनचं लॅम्बर्ट्स, फ्रान्समधे सेंट-जस्ट, अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियाचं ब्लेन्को. नळकांडं चिरून उलगडायची पद्धत थिओफिलसचीच. इंग्लंडात, जिथे विन्स्टनने ही काच परत आणली, तिथल्या पारंपरिक कलांच्या यादीत २०२३ मधे फुंकलेल्या काचेचे तक्ते बनवणं "नामशेष" म्हणून नोंदलं गेलं. त्याच वर्षी डिसेंबरमधे युनेस्कोने जर्मनी, फ्रान्ससह सहा युरोपीय देशांच्या हातकाचेच्या कलेला वारशाच्या यादीत घेतलं, त्यात ब्रिटन नाही. तिथल्या चर्चला जुन्यासारखी लाल काच हवी असेल तर ऑर्डर परदेशातच द्यायची, अशी तेव्हा वेळ आली.