देशी वनस्पतींवर पीएचडी करताय? आधी प्लॉट कोणाचा ते बघा

पुण्याच्या टेकडीवर गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडिया या विदेशी झाडाच्या) दाटीत सालई, धावडा, देशी गवतं परत कशी आणायची, असा विषय घेतलात की दोन अर्ज मागे लागतात : फेलोशिपचा आणि परवानगीचा.

फेलोशिपची वाट मळलेली आहे. एम.एस्सी. वनस्पतिशास्त्रात असेल तर सीएसआयआर-यूजीसी नेट या पात्रता परीक्षेतला लाइफ सायन्सेस हा विषय, पर्यावरणशास्त्रात असेल तर यूजीसी-नेट. खुल्या प्रवर्गाला ५५ टक्के लागतात. जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) मिळाली तर पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये, पुढे ४२,०००, घरभाडं वेगळं. शिवाय अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी सारथी या राज्य सरकारच्या संस्थांची फेलोशिप, दोन्ही पुण्यातच. जातीचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, पीएचडी नोंदणीचं पत्र आधीच स्कॅन करून ठेवा, जाहिरात आल्यावर धावपळ नको.

खरी मेख परवानगीत. एकाच टेकडीवर वनखात्याची, महापालिकेची आणि खाजगी जमीन लागून असू शकते. खाजगी असेल तर सातबारा बघून मालकाची लेखी संमती घ्या, तोंडी नको. राखीव वनात १९२७च्या वन कायद्यामुळे एक फांदीही विनापरवाना तोडता येत नाही. तिथे अर्ज उपवनसंरक्षकांकडे. जुन्नरचा वनविभाग पुण्याहून वेगळा आहे, तिकडचा अर्ज इकडे देऊ नका. भीमाशंकर किंवा सुप्याचं मयूरेश्वर ही अभयारण्यं. तिथल्या संशोधनाची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षकांची, आणि ते कार्यालय नागपूरला. म्हणजे फाइलचा प्रवास लांबचा.

अर्जासोबत दोन-तीन पानांचा प्रस्ताव, गाइडचं पत्र, विभागप्रमुखांची सही, प्लॉटचे जीपीएस बिंदू दाखवणारा नकाशा, सोबत येणाऱ्यांची नावं आणि ओळखपत्रं जोडा. ‘वनस्पतींचे नमुने घेणार’ असं मोघम लिहिलेला अर्ज शंका घेऊन परत येतो. कोणती जात, किती नमुने, मुळासकट की नुसती फांदी, बी किती ग्रॅम, हे लिहा. पुनर्लागवड करणार असाल तर रोपं कुठल्या बियांची, तेही.

अर्ज फेब्रुवारीतच टाका. कंदवर्गीय फुलं आणि गवतं पावसाळ्यातच ओळखू येतात. नोव्हेंबरात हाती पडलेली परवानगी म्हणजे एक वर्ष गेलं.

ओळख पक्की करायला कोरेगाव रोडवरचं भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र किंवा आघारकर संस्थेचं हर्बेरियम (वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह) आहेच. नमुना दाबतानाच ठिकाण, तारीख आणि तुमचा संकलन क्रमांक लेबलवर लिहून टाका. फुलाचा रंगही, कारण वाळल्यावर तो उरत नाही.