ससा माणसाळतो कसा: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या सांगलीच्या दुकानातून ससा घरी नेणाऱ्या प्रत्येक ग्राहकाला आम्ही पावतीबरोबर हे पत्रक देतो. ससा पेटीतून बाहेर काढण्यापूर्वी घरातील सर्वांनी, आणि ज्यांच्या हट्टापायी ससा घरात आला त्या मुलांनी तर नक्कीच, ते एकदा शांतपणे वाचावे अशी विनंती आहे. महिन्याभराने खाद्य घ्यायला येणाऱ्या ग्राहकांकडून एकच तक्रार आमच्या कानावर वारंवार येते: ससा जवळ येत नाही, हात लावायला गेले की कोपऱ्यात दडतो, उचलला की नखांनी ओरबाडतो. असा ससा जन्मजात तापट नसतो. पहिल्या पंधरवड्यात त्याला ज्या रीतीने हाताळले गेले त्यातून तो तसा झालेला असतो, आणि रीत बदलली तर बहुतेक ससे सुधारतात.

पूर्वी आम्हीही पाच-सहा आठवड्यांची पिल्ले विकत होतो, कारण पिल्लू जितके लहान तितके ते गोजिरवाणे दिसते आणि लवकर विकले जाते. ती आमची चूक होती. आईच्या दुधावरून लवकर तोडलेल्या पिल्लांना हगवण लागते, त्यांतील काही दगावतात, आणि जी जगतात ती बुजरी राहतात. आता आठ आठवडे पूर्ण झाल्याशिवाय आम्ही पिल्लू देत नाही, आणि तोपर्यंत त्याला रोज थोडा वेळ माणसाच्या हाताची व आवाजाची सवय करून देतो. त्यापुढचे काम मात्र आपल्या घरातच व्हायचे आहे.

पहिले पंधरा दिवस

ससा हा दुसऱ्याचे भक्ष्य होणारा प्राणी आहे, आणि त्याचे सगळे वागणे या एका गोष्टीतून उलगडते. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला मागचे आणि वरचे दिसते, परंतु नाकासमोरच्या अगदी जवळच्या भागातील वस्तू दिसत नाही. म्हणून समोरून नाकाशी नेलेला हात त्याला अचानक उगवल्यासारखा वाटतो, आणि वरून खाली येणारा हात घारीच्या झडपेसारखा. हात नेहमी बाजूने, जमिनीलगत आणि सावकाश न्यावा, आणि कपाळ व कानांच्या मुळाशी खाजवण्यापासून सुरुवात करावी. लाल डोळ्यांचा पांढरा ससा कधी कधी डोके डावी-उजवीकडे हलवत पाहतो. त्याची नजर इतर सशांपेक्षा कमजोर असते आणि समोरच्या वस्तूचे अंतर जोखण्यासाठी तो तसे करतो. तो आजार नव्हे.

पहिले दोन-तीन दिवस त्याला उचलू नये, पाहुण्यांना दाखवू नये आणि शेजारच्या मुलांना बोलावू नये. घरातील वर्दळ दिसेल पण अंगावर येणार नाही अशा कोपऱ्यात त्याची जागा करावी, आणि त्या जागेत त्याला आत शिरून बसता येईल असे एक खोके उलटे ठेवून त्याला दोन दारे कापावीत. लपायला हक्काची जागा असलेला ससा बाहेर यायला लवकर धजावतो, हे ऐकायला उलटे वाटले तरी आम्ही ते अनेक घरांत पाहिले आहे.

त्यानंतर रोज दिवेलागणीच्या सुमारास घरातील एकाने जमिनीवर बसावे. ससा पहाटे आणि सांजवेळी सर्वांत जास्त चपळ असतो, दुपारी तो डुलक्या घेतो, त्यामुळे दुपारी शाळेतून आलेल्या मुलांनी त्याला उठवून खेळवण्याचा प्रयत्न केल्यास तो चिडतो. बसणाऱ्याने सशाकडे पाहण्याचीही गरज नाही. विश्रामबागेतील एका कुटुंबात दोन मुले आठवडाभर सशाच्या मागे धावली आणि ससा त्यांच्या हाती लागला नाही. त्या घरातील आजी रोज संध्याकाळी भिंतीला टेकून, पाय पसरून भाजी निवडत असत. त्यांनी त्याला कधी हाक मारली नव्हती. नवव्या दिवशी ससा कपाटाखालून निघाला, लांब होत होत त्यांच्या तळपायापर्यंत आला, पायाच्या अंगठ्याला नाक लावून दोनदा मागे पळाला, आणि तिसऱ्या खेपेला पदरावर पुढचे पाय ठेवून त्याने कोथिंबिरीची काडी ओढून घेतली. आजींनी हात हलवला नाही, आणि तेच त्यांनी सर्वांत योग्य केले.

उचलण्याविषयी आमचे मत स्पष्ट आहे. बहुतेक सशांना उचललेले आवडत नाही, आणि प्रेम दाखवण्यासाठी उचलण्याची आवश्यकताही नाही. औषध देणे, नखे कापणे किंवा दवाखान्यात नेणे यासाठी उचलावे लागते, तेव्हा एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली घेऊन त्याला आपल्या अंगाशी धरावे. कान धरून तर कधीही उचलू नये. सशाची हाडे हलकी आणि मागच्या पायांचे स्नायू फार ताकदीचे असतात, त्यामुळे मागचा भाग अधांतरी राहिला आणि त्याने जोरात झटका दिला तर त्याच्याच ताकदीने त्याचा पाठीचा कणा मोडू शकतो. त्याला उताणे केले की तो निपचित पडतो आणि लोकांना तो शांत झाला असे वाटते. प्रत्यक्षात ती भीतीने आलेली ताठरता असते. लहान मुलांनी सशाला मांडीवर घ्यायचे असेल तर जमिनीवर बसूनच घ्यावे, कारण उभ्या मुलाच्या हातातून सुटलेला ससा आम्ही पाहिलेला आहे.

तो काय सांगतो ते ओळखावे

ससा आवाज फारसा करत नाही, पण बोलतो भरपूर. मागचा पाय जमिनीवर आपटला तर त्याला धोका जाणवला आहे. हनुवटी खुर्चीच्या पायाला घासली तर तेथील ग्रंथींचा वास लावून तो ती वस्तू आपली ठरवत असतो. हवेत उडी मारून अंगाला पीळ देणे हा निखळ आनंद आहे, आणि धपकन कुशीवर पडून राहणे म्हणजे त्याला आपल्या घरात सुरक्षित वाटू लागले आहे. कुरवाळताना दातांचा अगदी बारीक करकर असा आवाज येतो, तो समाधानाचा. तोच आवाज मोठा असेल आणि ससा अंग आक्रसून बसला असेल तर त्याला वेदना होत आहेत. ससा चावला तर त्याला मारू किंवा ओरडू नये. हात मागे घेऊन आपण आधी काय केले ते आठवावे, कारण बहुतेक वेळा त्याने अंग चोरून किंवा कान मागे पाडून पूर्वसूचना दिलेली असते.

चार ते सहा महिन्यांचा झाला की तोवर गरीब असलेला ससा अचानक हट्टी होतो, जागोजागी मूत्र फवारतो, पायांभोवती गिरक्या घेतो. हे वयात येणे आहे. या वयात नराची खच्ची आणि मादीचे गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया करून घेतल्यास स्वभाव निवळतो, आणि मादीच्या बाबतीत त्याचे आणखी मोठे कारण असे, की शस्त्रक्रिया न केलेल्या माद्यांना वाढत्या वयात गर्भाशयाचा कर्करोग मोठ्या प्रमाणावर होतो. जोडी हवी असेल तर शस्त्रक्रिया केलेला नर आणि मादी यांचे सर्वांत चांगले जुळते. शस्त्रक्रियेविना ठेवलेल्या जोडीविषयी इतकेच सांगतो, की सशाची मादी साधारण 31 दिवसांत विते आणि व्यायल्या दिवशीच पुन्हा गाभण राहू शकते.

खाणे

सशाच्या आहारात सर्वांत मोठा वाटा, पाचातील चार हिस्से तरी, गवताचा असावा, आणि ते चोवीस तास त्याच्यापुढे असावे. त्याच्या 28 दातांची वाढ आयुष्यभर थांबत नाही. पुढचे दात आठवड्याला सुमारे दोन ते तीन मिलिमीटर वाढतात आणि तंतुमय गवत चघळूनच ते झिजतात. आतड्याचे चलनवलनही याच तंतूंवर चालते. हरळी, मारवेल, नेपियर, वाळलेले डोंगरी गवत हे सगळे चालते. लसूणघास (ल्यूसर्न हा चारा) वाढत्या पिल्लाला द्यावा, मोठ्या सशाला रोज देऊ नये, कारण त्यातील जादा कॅल्शियम लघवीत गाळासारखे साठते.

आपल्या भागात एक काळजी विशेष घ्यावी लागते. तासगाव, पलूस किंवा मिरजेच्या बाजूच्या द्राक्षबागांच्या बांधावरचे हिरवेगार गवत मोहात पाडते, परंतु बागेवरील फवारणीचा अंश त्यावरही बसलेला असतो, म्हणून ते आणू नये. ज्वारीचे कोवळे फुटवेही देऊ नयेत. त्याने गुरांना किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते, हे शेतकरी घरांत सर्वांना ठाऊक आहे, आणि सशाचा जीव तर मूठभर.

दिवसातून एकदा मूठभर पालेभाजी द्यावी. कोथिंबीर, मुळ्याचा आणि गाजराचा पाला, मेथी यांत आलटून पालटून बदल करावा, पालक क्वचित द्यावा, आणि कांदा, लसूण, बटाट्याचा पाला व अळू अजिबात देऊ नये. तयार खाद्याच्या गोळ्या मोठ्या सशाला वजनाच्या दर किलोमागे सुमारे 25 ग्रॅमपेक्षा जास्त नकोत. हे खाद्य आम्हीच विकतो, तरीही हेच सांगू. गाजर हे त्याचे जेवण नसून खाऊ आहे. बेदाणा, गूळ, बिस्कीट, चपाती, भात आणि प्रसादाचे पेढे हे प्रेमाने दिले जातात आणि त्यानेच पोट बिघडते. ससा पहाटे स्वतःच्या काही मऊ, घोसासारख्या लेंड्या थेट तोंडात घेतो, त्याला हटकू नये. त्यातूनच त्याला जीवनसत्त्वे मिळतात. लघवी कधी केशरी किंवा तांबूस झाली तर ती बहुधा पाल्यातील रंगामुळे असते, मात्र रंग दोन-तीन दिवसांत उतरला नाही किंवा ससा लघवी करताना कुंथत असेल तर दाखवून घ्यावे.

ट्रेची सवय सोपी आहे. तो स्वतः निवडतो त्याच कोपऱ्यात कागद व गवत घातलेला ट्रे ठेवला की काम होते. पिंजऱ्याचा तळ जाळीचा असेल तर त्यावर गोणपाट किंवा लाकडी फळी टाकावी, कारण सशाच्या तळपायाला कुत्र्या-मांजरासारखी गादी नसते आणि जाळीने जखमा होतात. मोबाइलच्या चार्जरच्या वायरी उचलून ठेवाव्यात.

उन्हाळा, पावसाळा आणि दुखणे

सांगलीत एप्रिल-मे महिन्यांत पारा 40 अंशांच्या आसपास जातो, तर सशाला तीस अंशांच्या वरचे तापमानच धोक्याचे असते. त्याला घाम येत नाही, तो कानांवाटे उष्णता बाहेर टाकतो. पत्र्याच्या खोलीत किंवा गच्चीवर त्याला ठेवू नये. तळमजल्यावरील शहाबादी फरशी, बर्फ जमवलेली बाटली पंच्यात गुंडाळून शेजारी, आणि ओल्या बोटांनी अधूनमधून कान पुसणे एवढ्याने दुपार निभावते. तो धापा टाकू लागला तर अंगावर गार पाणी ओतू नये, कान ओले करून लगेच दवाखाना गाठावा. पावसाळ्यात शेपटीखालचा भाग रोज पाहावा, कारण तेथे घाण चिकटून राहिली तर माश्या अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या पडतात. नदीकाठच्या भागात राहणाऱ्यांनी 2019 आणि 2021 चा पूर आठवून, सशाला नेण्याची पेटी पावसाळाभर हाताशी ठेवावी. गणेशोत्सव व दिवाळीत त्याची जागा रस्त्यापासून सर्वांत लांबच्या खोलीत हलवावी.

ससा दुखणे लपवतो. त्याने बारा तास काही खाल्ले नाही किंवा लेंड्या टाकल्या नाहीत, तर सकाळपर्यंत वाट न पाहता पशुवैद्यांना दाखवावे. त्याला उलटी करता येत नाही आणि थांबलेले आतडे त्याचा जीव घेते. पुष्कळ डॉक्टरांचा सराव गायी-म्हशींचा आणि कुत्र्यांचा असतो, म्हणून ससा पाहतात का हे आधीच विचारून ठेवावे. साताऱ्याकडच्या ग्राहकांना शस्त्रक्रियेसाठी शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करता येईल. दोन गोष्टी आपणही लक्षात ठेवाव्यात: अमॉक्सिसिलिन किंवा अँपिसिलिन ही प्रतिजैविके तोंडावाटे दिल्यास सशाच्या आतड्यातील उपयुक्त जिवाणू मरून तो दगावू शकतो, आणि कुत्र्याच्या गोचिडांसाठीचे फिप्रोनिल सशावर कधीही वापरू नये.

ऊसतोडीत सापडलेले सशाचे पिल्लू घेऊन काहीजण आमच्याकडे खाद्य मागायला येतात. तो रानससा असतो, पाळीव सशाची जात निराळी. रानसशाचे पिल्लू अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊन जन्मते आणि आई त्याला मुद्दाम एकटे ठेवून रात्रीच दूध पाजायला येते. ते जिथे मिळाले तिथेच जवळच्या सरीत ठेवावे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार तो पाळता येत नाही.

तसाच उलट प्रकारही घडतो. पाळीव ससा आठ ते बारा वर्षे जगतो, आणि मधल्या काळात बदली, आजारपण किंवा मुलांची दहावी-बारावी येते. सांभाळणे जमेनासे झाले तर त्याला शेतात किंवा दंडोबाच्या डोंगरावर सोडू नये. तो तेथे कुत्र्यांच्या तोंडी जातो. आमच्याकडून नेलेला ससा कोणत्याही वयात आम्ही परत घेतो, पैसे न मागता. आणताना त्याचा ट्रे आणि बसायचे गोणपाट न धुता बरोबर आणावे, म्हणजे नव्या जागेत त्याला निदान स्वतःचा वास ओळखीचा राहील.