हल्लेखोर पोकेमॉनचे सगळे ईव्ही अटॅक आणि स्पीडलाच द्यावेत का?

‘हल्लेखोर पोकेमॉनला २५२ ईव्ही अटॅकला आणि २५२ स्पीडला द्यावेत, एचपीला दिलेले वाया जातात’ हा सल्ला पोकेमॉन खेळाडूंमध्ये वर्षानुवर्षे फिरतो आहे. (ईव्ही म्हणजे पोकेमॉनच्या निरनिराळ्या क्षमता वाढवण्यासाठी वाटता येणारे मर्यादित गुण; एचपी म्हणजे त्याची जीवनशक्ती.) वेगवान पोकेमॉनपुरता तो बहुतेक वेळा योग्यच ठरतो आणि तो सर्वांना लागू आहे असे वाटू लागण्याचे कारणही बहुधा हेच असावे.

बेस स्पीड (प्रजातीचा मूळ वेग) ५० असलेला अर्सालूना हा पोकेमॉन घ्या. लेव्हल ५० वर, आयव्ही (पोकेमॉनचे जन्मजात गुण) कमाल ३१ धरून, २५२ ईव्ही दिल्यास त्याचा स्पीड ७० वरून १०२ होतो आणि वेगवर्धक नेचर (स्वभाव) असल्यास ११२. परंतु बेस स्पीड १०० असलेला प्रतिस्पर्धी एकही ईव्ही न खर्चता १२० वर असतो, त्यामुळे त्याच्याविरुद्ध ती सारी गुंतवणूक निष्फळ ठरते. तेच ईव्ही एचपीला दिले, तर २०५ चे २३७ होतात, म्हणजे शारीरिक आणि स्पेशल या दोन्ही हल्ल्यांविरुद्ध तग धरण्याची क्षमता सुमारे १५ टक्क्यांनी वाढते आणि अनेकदा आणखी एक वार करण्याची संधी मिळते. (ट्रिक रूममध्ये, म्हणजे संथ पोकेमॉनला आधी खेळू देणाऱ्या चालीच्या प्रभावात, तर कमी स्पीड हीच सोय.)

पडताळणीसाठी डॅमेज कॅल्क्युलेटरमध्ये (हल्ल्याने होणारे नुकसान मोजणाऱ्या साधनात) ईव्हीच्या दोन्ही वाटण्या भरून, नेहमी समोर येणाऱ्या हल्ल्यांपैकी कोणते झेलता येतात ते पाहावे.