मुख्याध्यापकाची खुर्ची आणि सहीचा अधिकार: मराठवाड्यातली पार्श्वभूमी

१९४८ पर्यंत मराठवाड्यातल्या सरकारी शाळेचा प्रमुख कोण, हे निजामाचं शिक्षण खातं ठरवायचं. तहतानिया (प्राथमिक), वस्तानिया (मिडल), फौकानिया (हायस्कूल) अशी शाळांची उतरंड होती. शाळेवर सदर मुदर्रिस, म्हणजे मुख्याध्यापक, आणि त्यांच्यावर मोहतमीम तालिमात, म्हणजे शिक्षण खात्याचे तपासनीस. हुकूम वरून यायचा, गावाला विचारण्याचा प्रश्नच नव्हता.

याला छेद देणारी परंपरा खासगी मराठी शाळांतून उभी राहिली. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ ची, अंबाजोगाईचं योगेश्वरी नूतन विद्यालय १९३५ चं. स्वामी रामानंद तीर्थ या दोन्ही शाळांचे मुख्याध्यापक राहिले आणि १९३८ मध्ये निजामाविरुद्धच्या सत्याग्रहात उतरले. अशा शाळांत प्रमुखपद ही काही बढती नव्हती, उलट त्यात जोखीमच जास्त. त्यामुळे त्या पदासाठी भांडणं होण्याचं कारणही कमी.

भांडणं आली ती अनुदानाबरोबर. मुक्तीनंतर, विशेषतः १९६० नंतर, तालुक्या-तालुक्यात शिक्षण संस्था निघाल्या. पगार सरकारचा आणि नेमणूक संस्थेची. साहजिकच ‘आपला माणूस’ खुर्चीवर बसवणं सचिवांना सोयीचं झालं. वीस वर्षं गणित शिकवणारे सर बाजूला राहत आणि अध्यक्षांचा भाचा मुख्याध्यापक होई. ज्याला डावललं त्याला दाद मागायला जागा नव्हती.

ती जागा दिली १९७७ च्या खासगी शाळा कर्मचारी सेवाशर्ती कायद्याने. तो प्रत्यक्ष अमलात आला १५ जुलै १९८१ रोजी आणि सोबत १९८१ ची नियमावली आली. नियम ३ ने सांगितलं की पात्रता असलेला आणि सेवेचा अभिलेख समाधानकारक असलेला सर्वांत ज्येष्ठ शिक्षकच प्रमुख होईल. संस्थेच्या अनेक शाळा असतील तर सगळ्यांची ज्येष्ठता एकत्र धरायची. बढतीत डावललं तर कलम ९ खाली शाळा न्यायाधिकरणाकडे अपील. अल्पसंख्याक संस्थांना मात्र प्रमुख निवडण्याची मोकळीक ठेवली. योगायोग असा, की त्याच वर्षी २७ ऑगस्टला तेव्हाच्या औरंगाबादेत उच्च न्यायालयाचं खंडपीठ सुरू झालं. हक्क आणि तो मागायचं जवळचं ठिकाण, दोन्ही दीड महिन्याच्या अंतराने आली. एरवी मुंबईची वारी किती शिक्षकांना परवडली असती?

तेव्हापासून शाळेतला सगळ्यात स्फोटक कागद म्हणजे सेवाज्येष्ठता यादी. त्या नियमावलीतल्या अनुसूची ‘फ’ प्रमाणे शिक्षकांचे प्रवर्ग पडतात. नुसती नेमणुकीची तारीख पाहून भागत नाही, त्या प्रवर्गात कधी आलात हे बघितलं जातं. डी.एड. वर लागलेले सर नंतर पदवी आणि बी.एड. करतात, मागून लागलेल्या मॅडम आधीपासूनच बी.एड. असतात, मग वर कोण? न्यायालयांत वर्षानुवर्षं हाच प्रश्न फिरतो आहे. दोघं एकाच दिवशी रुजू झाले असतील तर वयाने मोठा तो ज्येष्ठ. यादीवर सगळ्यांच्या सह्या घेतात, आणि ‘हरकतीसह’ असं लिहून सही करणारे एखादे सर निघतातच. माझ्या मते ज्येष्ठता ही फार हुशार कसोटी नाही. चांगला शिक्षक चांगला प्रमुख असेलच असं नाही. पण भाच्यापेक्षा तारीख बरी, कारण तारखेला नातेवाईक नसतात.

मुख्याध्यापक कोण, हे अशा रीतीने कागदावर पक्कं झालं. अधिकार खाली किती सोडायचे, हे मात्र व्यक्तीवर राहिलं. नियमांनी कर्तव्यांची लांबलचक यादी प्रमुखाच्या नावावर चढवली. शाला समितीत ते पदसिद्ध सचिव, पगारबिलावर सही त्यांची, चौकशी लागली तर उत्तरही त्यांचंच. उपमुख्याध्यापक आणि पर्यवेक्षक ही पदं मोठ्या शाळांपुरती. वेळापत्रक, बदली तासिका, परीक्षा ही कामं त्यांच्याकडे येतात, सही येत नाही. ज्याला स्वतःच्या सहीची धास्ती आहे, तो माणूस अधिकार वाटेल कसा?

संस्थेत दोन गट पडले की हे उघडं पडतं. धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट, म्हणजे पदाधिकारी बदलल्याची नोंद, अडकलेला, दोन्ही गटांचे आपापले मुख्याध्यापक, आणि हजेरीपटावर कुणाचं ऐकायचं हे शिपायालाही कळत नाही. अशा वेळी पगार थांबू नये म्हणून शिक्षणाधिकारी एकाला तात्पुरता सहीचा अधिकार देतात. तात्पुरता म्हणजे कधी कधी निवृत्तीपर्यंत.

जिल्हा परिषदेच्या प्रशालांची, म्हणजे हायस्कुलांची, गोष्ट वेगळी. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि निजामकाळातल्या बऱ्याच सरकारी शाळा त्यांच्याकडे गेल्या, म्हणून मराठवाड्यात झेडपीच्या प्रशाला आजही ठळकपणे दिसतात. इथे संस्थाचालक नाही, पण पदोन्नत्या रखडतात आणि ज्येष्ठ शिक्षक ‘प्रभारी’ म्हणून चार्ज घेतात. वर्गावरचे तास तेच राहतात, जबाबदारीची भर पडते.

आता तर अधिकार सोपवण्याची एक नवी, कुठेही न लिहिलेली पद्धत रुळली आहे. शालार्थ (पगार), यू-डायस आणि सरल (शाळेची व विद्यार्थ्यांची माहिती) या सरकारी ऑनलाइन प्रणालींची लॉगिन मुख्याध्यापकांच्या नावावर, ओटीपी त्यांच्या मोबाइलवर, आणि माहिती भरणारे संगणक येणारे एखादे तरुण सर. विद्यार्थ्यांची संख्या तेच भरतात आणि त्या संख्येवरच शाळेतली पदं मंजूर होतात. ज्येष्ठता यादीत या सरांचा नंबर बहुतेक वेळा शेवटच्या पानावर असतो.